वेअरविदॉल

विट्याच्या तहसील कचेरीबाहेर पत्र्याच्या शेडमध्ये
तिसरं टेबल माझं.
दाखले, बक्षीसपत्रं, नावातल्या चुकांची प्रतिज्ञापत्रं.
पानाला वीस रुपये, इंग्रजी असेल तर तीस,
कारण इंग्रजीतली चूक इथं कुणाला दिसत नाही
आणि तिकडं लगेच दिसते.

लेंगऱ्याचे सर्जेराव देवकर आले,
बत्तीस वर्षं सेलमला, गलाईच्या धंद्यात.
दहाही बोटांवर तेजाबाचे पिवळे डाग.
लेक प्रणोती डब्लिनला निघालेली.
तिकडच्या कॉलेजानं मसुदा धाडलेला, फक्त नावं भरायची.
मधेच एक ओळ :
मुलीच्या शिक्षणाचा सगळा खर्च निभावण्याइतकं
माझ्याजवळ वेअरविदॉल आहे,
हे मी शपथेवर लिहून देतो.

"ह्ये काय आसतंय?"
त्यांचं बोट नेमकं त्याच शब्दावर.
"ऐपत," मी म्हणाले.
"मग सरळ तसं का लिवत न्हाईत?"

मी डिक्शनरी काढली, पाठ सुटलेली.
पैसा. साधनं. एखादी गोष्ट करायला जे जे लागतं ते.
खाली तीन वाक्यं उदाहरणादाखल,
तिन्ही वाक्यांतल्या माणसांकडं ते नव्हतं.
तेव्हा ध्यानात आलं,
बावीस वर्षांत मीही हा शब्द बडवला
तो बहुतेक 'नाही'च्या शेजारी :
पोटगीच्या दाव्यात नवऱ्याच्या जबाबात,
पतसंस्थेच्या नोटिशीला दिलेल्या उत्तरात.
असतं तेव्हा लोक पैसे म्हणतात.
नसतं तेव्हा त्याला असलं लांबलचक नाव लागतं.

देवकरांचं समाधान होईना, म्हणून शब्द फोडून दाखवला,
शेंग फोडावी तसा.
कुठं. सोबत. सगळं.
ते मोठ्यांदा हसले.
"कुठं सोबत सगळं? येस्टीत!
ब्याण्णव साली विटा स्टँडवरनं निघालो तवा
वळकटी, चिमटा, मामानं दिल्याली मूस,
आन् आईनं बांधल्याल्या सात भाकरी.
तमिळ येक अक्षर येत नव्हतं."

मग आवाज खाली आला.
"सराफाच्या दुकानातली झाडलोट इकत घ्यायची, बाई.
पायपुसणीसुद्धा. जाळायची, धुवायची, आटवायची.
पोतंभर राखंत गुंजभर सोनं निगतं.
कवा निगत बी न्हाई.
पर पोत्याचं पैसं आदी मोजायला लागत्यात,
आत काय हाय ते म्हाईत नसताना.
त्या टायमाला माणसात जे लागतं,
त्ये बसतंय का ह्या तुमच्या शब्दात?"

मी पान उलटलं. पुढचा शब्द निराळाच होता.
आपल्याकडं हातात असणं वेगळं, अंगात असणं वेगळं,
आणि तहसीलदारांचा ऐपतीचा दाखला
फक्त हाताचा मिळतो :
सातबारा, मूल्यांकन, तीन वर्षांचं आयकर विवरण.
अंगातल्याला कोर्ट फी स्टँप लागत नाही,
म्हणून त्याचा नमुनाही नाही.

"बसतं," मी म्हणाले. खरं की खोटं, देव जाणे.

पलीकडं नोटरीच्या कारकुनानं त्यांचा अंगठा
मशीनवर ठेवला. नाही उमटला.
पुसून ठेवला. डावा ठेवला. चार वेळा लाल दिवा.
"रेघाच न्हाईत की हो," कारकून वैतागला.
देवकर अंगठ्याकडं बघत राहिले,
हिशेब जुळल्यागत.
शेवटी सही चालली.

मराठी प्रतीत त्या जागी मी 'ऐपत' लिहिलं.
खोडलं. दुसरं काही सुचेना.
पुन्हा तेच लिहिलं.
नोटरीचा गोल शिक्का नेमका त्याच्यावर पडला,
जांभळी शाई पसरली,
आणि वाळल्यावर बघते तर
पहिलं अक्षर गेलेलं,
नुसतं 'पत' दिसत होतं.

दुसरी प्रत काढू का, विचारलं.
"ऱ्हाऊ द्या," म्हणाले,
आणि तीस रुपये मोजून दिले, सुट्टे.